हार्ड डिस्कची ओळख कशी पटवावी?

पुण्याच्या शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ रोजी एल्गार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव येथे हिंसाचार उसळला. या प्रकरणाच्या तपासात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्ली, नागपूर, मुंबई आदी ठिकाणी झडत्या घेतल्या आणि संगणक, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह अशी उपकरणे जप्त केली. २०२० च्या जानेवारीत तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्यानंतर येरवड्यात असलेले पुरुष आरोपी पनवेल तालुक्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहात आले व त्यांतील काहींनी तेथे अनेक वर्षे काढली. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्याचा मोठा भाग या जप्त उपकरणांतून मिळालेल्या फाइलींचा होता. त्या फाइली तेथे कोणी व कशा ठेवल्या, हाच या प्रकरणातील सर्वांत मोठ्या वादाचा मुद्दा ठरला.

एवढ्या मोठ्या वादाच्या तळाशी एक अगदी प्राथमिक तांत्रिक प्रश्न असतो. समोर असलेले उपकरण नेमके कोणते, त्यावरील माहिती कोणत्या पद्धतीने मांडलेली आहे आणि काल पाहिलेले उपकरण व आजचे उपकरण एकच आहे, हे कशावरून म्हणायचे? हा प्रश्न तपास यंत्रणांपुरता मर्यादित नाही. सोसायटीच्या सीसीटीव्हीची डिस्क पोलिसांना देणारा सचिव, जुन्या संगणकातून कुटुंबाची छायाचित्रे काढू पाहणारा गृहस्थ आणि कारखान्यातील संगणकाची डिस्क बदलणारा तंत्रज्ञ या सर्वांना तो पडतो. त्याचे उत्तर देणारी साधने लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही प्रणालींत पूर्वीपासून उपलब्ध आहेत. ती कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून वापरायची असतात. त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

लेखात आज्ञांची अक्षरे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावीत.

तीन थर

साठवणीच्या कोणत्याही उपकरणाकडे तीन थरांत पाहावे लागते. पहिला थर प्रत्यक्ष वस्तूचा. हार्ड डिस्क, सॉलिड स्टेट ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांना उत्पादक, मॉडेल आणि सिरियल क्रमांक असतो. दुसरा थर विभागणीचा. एकाच डिस्कचे अनेक भाग करता येतात, त्यांना पार्टिशन म्हणतात, आणि या भागांच्या सीमा डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात नोंदलेल्या असतात. तिसरा थर फाइल सिस्टिमचा. प्रत्येक पार्टिशनमध्ये फाइलींची नावे, तारखा आणि जागा यांची खतावणी कोणत्या पद्धतीने ठेवायची, हे फाइल सिस्टिम ठरवते.

एखाद्या इमारतीशी याची तुलना करता येईल. इमारत म्हणजे उपकरण, तिच्यातील सदनिका म्हणजे पार्टिशन आणि सदनिकेतील सामानाची मांडणी म्हणजे फाइल सिस्टिम. इमारतीचा पत्ता सांगितल्याने आतील सामानाची माहिती होत नाही. तसेच हार्ड डिस्कचा सिरियल क्रमांक कळल्याने तिची फाइल सिस्टिम कळत नाही. ओळख पूर्ण व्हायची तर तिन्ही थरांची नोंद हवी.

संगणकाने दिलेले नाव विश्वासार्ह नाही

लिनक्समध्ये उपकरणांची नावे ‘डीईव्ही’ या डिरेक्टरीत दिसतात. साटा किंवा यूएसबी मार्गाने जोडलेली पहिली डिस्क ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’ असा क्रम असतो. ‘एसडीए’चे पहिले पार्टिशन ‘एसडीए१’. २००० च्या दशकात आयडीई तारेने जोडलेल्या डिस्कला ‘एचडीए’ म्हणत असत. आजच्या लॅपटॉपमधील एनव्हीएमई प्रकारच्या ड्राइव्हला ‘एनव्हीएमई०एन१’ आणि मेमरी कार्डाला बहुधा ‘एमएमसीबीएलके०’ असे नाव मिळते.

ही नावे जन्मखूण नव्हेत. संगणक सुरू होताना जे उपकरण आधी सापडेल त्याला आधीचे अक्षर मिळते. काल ‘एसडीबी’ असलेली डिस्क आज, एखादा पेन ड्राइव्ह आधीच लावलेला असल्यामुळे, ‘एसडीसी’ होऊ शकते. विंडोजमधील ‘डी’, ‘ई’, ‘एफ’ ही ड्राइव्हची अक्षरेही अशीच सोयीपुरती असतात. डिस्कची प्रत काढणाऱ्या ‘डीडी’ या आज्ञेत स्रोत आणि लक्ष्य यांच्या जागी ही नावे लिहावी लागतात. एक अक्षर चुकले तर मूळ डिस्कवरच कोरी माहिती लिहिली जाते आणि ती आज्ञा ‘खात्री आहे काय’ असे विचारतही नाही. म्हणून नाव टंकण्यापूर्वी ते नाव या क्षणी कोणत्या वस्तूचे आहे, हे तपासणे अनिवार्य ठरते.

पहिली पाहणी

लिनक्समध्ये या पाहणीचा आरंभ ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने करावा. ती जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी झाडाच्या आकृतीसारखी दाखवते. डिस्क खोडाच्या जागी असते आणि तिची पार्टिशन फांद्यांसारखी खाली येतात. प्रत्येकाचा आकार आणि ते कोठे जोडलेले आहे, हेही दिसते. ही आज्ञा केवळ वाचते, काही बदलत नाही. तिला ‘-एफ’ हा पर्याय जोडला की फाइल सिस्टिमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी हे रकाने मिळतात. ‘-ओ’ या पर्यायापुढे हवे ते रकाने मागता येतात. त्यांत मॉडेल, सिरियल आणि ट्रान हे तीन विशेष उपयुक्त आहेत. ‘ट्रान’मध्ये उपकरण साटा, यूएसबी की एनव्हीएमई मार्गाने जोडले आहे, हे समजते. दोन सारख्या आकाराच्या डिस्कपैकी बाहेरून लावलेली कोणती, याचा उलगडा बहुतेक वेळा येथेच होतो.

‘डीईव्ही’खालील ‘डिस्क’ या डिरेक्टरीत ‘बाय-आयडी’ नावाची आणखी एक डिरेक्टरी असते. तिच्यात उत्पादक, मॉडेल आणि सिरियल क्रमांक मिळून बनलेली लांबलचक नावे असतात आणि ती सध्याच्या ‘एसडीए’, ‘एसडीबी’ नावांकडे निर्देश करतात. ही नावे डिस्क कोणत्याही क्रमाने लावली तरी बदलत नाहीत. ज्या आज्ञेत चूक महागात पडेल, तेथे हेच लांब नाव वापरणे अधिक सुरक्षित.

‘स्मार्टसीटीएल’ या साधनाला ‘-आय’ पर्याय दिल्यास डिस्क स्वतःविषयी काय सांगते, ते कळते. त्यात मॉडेल, सिरियल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि क्षमता यांचा समावेश असतो. येथे एक सावधगिरी हवी. डिस्क यूएसबी खोक्यात बसवलेली असेल, तर खोक्यातील जोडणीचे इलेक्ट्रॉनिक मंडल मध्ये येते आणि कधी कधी डिस्कच्या ऐवजी त्या खोक्याचा क्रमांक दाखवला जातो. म्हणून पडद्यावरील क्रमांक आणि डिस्कच्या वेष्टनावर छापलेला क्रमांक ताडून पाहावा. दोन्ही जुळल्यावरच तो नोंदवावा.

क्षमतेचा गोंधळ

वेष्टनावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क संगणकावर साधारण ४६५ जीबी दिसते, तेव्हा अनेकांना फसवणूक झाल्याचा संशय येतो. प्रत्यक्षात उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि संगणक बहुधा १०२४ च्या पटीत. ५०० अब्ज बाइटना १०२४ ने तीनदा भागले की उत्तर ४६५ च्या आसपास येते. ओळख नोंदवताना म्हणूनच बाइटची किंवा सेक्टरची पूर्ण संख्या लिहावी. ‘एलएसबीएलके’ला ‘-बी’ पर्याय दिल्यास ती मिळते.

खरी फसवणूक वेगळ्या प्रकारची असते. बाजारात अत्यल्प किमतीत मिळणाऱ्या, प्रचंड क्षमता छापलेल्या काही पेन ड्राइव्हमधील नियंत्रक चिप खोटी क्षमता सांगते. ‘एलएसबीएलके’ तीच क्षमता निमूटपणे दाखवते, कारण तिला उपकरणाने जे सांगितले तेवढेच ठाऊक असते. मर्यादेपलीकडे लिहिलेली माहिती वाहून जाते आणि ते फार उशिरा कळते. ‘एफ३’ हे मोफत साधन ड्राइव्ह भरून व पुन्हा वाचून खरी क्षमता शोधते. ही चाचणी केवळ रिकाम्या, नव्या ड्राइव्हवरच करावी.

विभागणीचा तक्ता

‘एफडिस्क’ या आज्ञेला ‘-एल’ पर्याय दिला की विभागणीचा तक्ता दिसतो. तो दोन प्रकारचा असू शकतो. जुना प्रकार एमबीआर. त्यात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये चार मुख्य पार्टिशनची नोंद असते आणि शेवटचे दोन बाइट ‘५५’ व ‘एए’ या ठरलेल्या खुणेचे असतात. सेक्टर नेहमीप्रमाणे ५१२ बाइटचा असेल, तर या पद्धतीत सुमारे २ टीबीपलीकडची जागा मांडता येत नाही. नवा प्रकार जीपीटी. त्याच्या दुसऱ्या सेक्टरच्या आरंभी ‘ईएफआय पार्ट’ अशी खूण असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. आरंभ खराब झाला तरी या प्रतीवरून विभागणी परत मिळवता येते.

पार्टिशनसमोर तक्त्यात जो प्रकार लिहिलेला असतो, त्याला फाइल सिस्टिमचा पुरावा समजू नये. तो दारावरच्या पाटीसारखा असतो. पार्टिशन बनवणाऱ्याने पाटी एक लावून आत मांडणी दुसरीच केलेली असू शकते. खरी खूण आत पाहावी लागते.

फाइल सिस्टिमची खूण

प्रत्येक प्रचलित फाइल सिस्टिम ठरावीक स्थानावर ठरावीक बाइट लिहून ठेवते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये पार्टिशनच्या चौथ्या बाइटपासून ‘एनटीएफएस’ ही चार अक्षरे असतात. कॅमेऱ्याच्या मोठ्या कार्डांत आढळणाऱ्या एक्सफॅटची अक्षरेही त्याच जागी असतात. लिनक्सच्या ईएक्सटी२, ईएक्सटी३ व ईएक्सटी४ या कुळात पहिले १०२४ बाइट सोडून मुख्य नोंद सुरू होते आणि शून्यापासून मोजल्यास १०८० व्या स्थानी ‘५३’ व ‘ईएफ’ हे दोन बाइट सापडतात. एक्सएफएसची खूण अगदी आरंभी असते, तर बीटीआरएफएसची ६४ केबी पुढे. सीडीवरील आयएसओ ९६६० ची ‘सीडी००१’ ही खूण ३२ केबीनंतर येते.

ही तपासणी डोळ्यांनी करण्याची गरज नाही. ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा या खुणा वाचून प्रकार सांगते. सामान्य वापरकर्त्याने चालवल्यास ती कधी कधी जुनी साठवलेली नोंद दाखवते. म्हणून प्रशासकाच्या अधिकाराने, म्हणजे आधी ‘सुडो’ लिहून, आणि ‘-पी’ पर्यायासह चालवावी. मग ती प्रत्यक्ष उपकरणच वाचते. ‘फाइल’ या आज्ञेला ‘-एस’ पर्याय देऊन पार्टिशनचे नाव सांगितले की तीही आपला निष्कर्ष देते. दोन वेगळ्या साधनांचे उत्तर एकच आले की खात्री वाढते.

एका डिस्कवर दोन खुणाही सापडू शकतात. पूर्वी एनटीएफएस असलेल्या जागेवर नंतर दुसरी फाइल सिस्टिम बनवली आणि जुने बाइट पुसले गेले नाहीत, तर असे घडते. ‘वाइपएफएस’ ही आज्ञा कोणताही पर्याय न देता चालवल्यास अशा सर्व खुणांची नुसती यादी देते. मात्र तिला ‘-ए’ जोडले की ती त्या खुणा पुसून टाकते. एका अक्षराने पाहणीची आज्ञा नाशाची होते, हे लक्षात ठेवावे.

‘डीएफ’ या आज्ञेला मोठ्या लिपीतील ‘-टी’ दिल्यासही फाइल सिस्टिमचा प्रकार दिसतो. परंतु ती केवळ जोडलेल्या, म्हणजे माउंट झालेल्या पार्टिशनविषयी बोलते. जे जोडलेच नाही ते तिच्या यादीत येत नाही.

फाइल सिस्टिम बनते तेव्हा तिला एक स्वतंत्र क्रमांकही मिळतो. ईएक्सटी४ चा यूयूआयडी संयोगचिन्हे धरून ३६ अक्षरांचा, एनटीएफएसचा १६ अंकांचा आणि फॅटचा ८ अंकांचा असतो. हा क्रमांक उपकरणाचा नसून त्यावरील मांडणीचा असतो. डिस्क पुन्हा फॉरमॅट केली की तो बदलतो. उलट डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर प्रतीतही तोच क्रमांक येतो. त्यामुळे सिरियल क्रमांक आणि यूयूआयडी या दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवावी लागते.

विंडोज आणि मॅक

विंडोजमध्ये ‘डिस्कपार्ट’ हे साधन उघडून ‘लिस्ट डिस्क’ आणि ‘लिस्ट व्हॉल्यूम’ या आज्ञा दिल्या की डिस्क, ड्राइव्हची अक्षरे आणि फाइल सिस्टिम दिसतात. एखादी डिस्क निवडून ‘डिटेल डिस्क’ लिहिल्यास मॉडेल समजते. याच साधनातील ‘क्लीन’ ही आज्ञा विभागणीचा तक्ता पुसते. केवळ पाहणी करायची असेल तर पॉवरशेलमधील ‘गेट-डिस्क’ व ‘गेट-व्हॉल्यूम’ अधिक सुरक्षित आहेत. त्यांतील पहिलीला सिरियल क्रमांकाचा रकानाही मागता येतो. मॅकवर ‘डिस्कयूटिल लिस्ट’ ही आज्ञा तेच काम करते.

विंडोजची एक सवय मात्र घातक आहे. तिला अपरिचित फाइल सिस्टिम दिसली की ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. याचा अर्थ डिस्क रिकामी किंवा खराब आहे असा होत नाही. लिनक्सची डिस्क असली तरी हेच घडते. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारी अनेक डीव्हीआर यंत्रेही लिनक्सची किंवा उत्पादकाची स्वतःची मांडणी वापरतात. चोरीच्या दिवसाचे चित्रण असलेली डिस्क विंडोजला जोडून घाईने होकार दिला, तर ते चित्रण सांगणारी खतावणीच नाहीशी होते.

खूण नाही म्हणजे माहिती नाही, असे नव्हे

कूटबद्ध डिस्कचे प्रकार यासंदर्भात जाणून घ्यावेत. लिनक्सच्या एलयूकेएस पद्धतीत आरंभीच त्या नावाची खूण असते. विंडोजच्या बिटलॉकरमध्येही स्वतःची खूण असते. त्यामुळे परवलीचा शब्द नसला तरी डिस्क कूटबद्ध आहे, एवढे तरी समजते. व्हेराक्रिप्टसारख्या साधनाने बनवलेल्या भागात मात्र कोणतीच उघड खूण नसते, तेथील बाइट निव्वळ विस्कळीत दिसतात. एलव्हीएम किंवा रेड पद्धतीत एकच फाइल सिस्टिम अनेक डिस्कवर पसरलेली असते. अशा वेळी एकट्या डिस्ककडे पाहून ती कोरी ठरवणे चुकीचे होईल.

फाइल सिस्टिम आणि घड्याळ

फाइल सिस्टिम ओळखण्याचा फार महत्त्वाचा परिणाम वेळेच्या नोंदीवर होतो. एनटीएफएस वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवते, तर फॅट ती संगणकाच्या स्थानिक वेळेत लिहिते. भारतीय वेळ प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री १० वाजता झालेली नोंद रूपांतर न करता वाचली, तर ती दुपारी साडेचारची दिसते. शिवाय फॅटमध्ये फाइल शेवटी उघडल्याची केवळ तारीख असते, वेळ नसते. बदलाची वेळही दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच लिहिली जाते. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर गेलेल्या फाइलीच्या वेळेवरून कोणी निष्कर्ष काढत असेल, तर दोन्ही बाजूंच्या फाइल सिस्टिम कोणत्या, हे आधी विचारले पाहिजे.

हात लावण्यापूर्वी

पुराव्याची किंवा एकुलत्या एक प्रतीची डिस्क संगणकाला नुसती जोडली तरी तिच्यात बदल होऊ शकतो. विंडोज आपली व्यवस्थापकीय फोल्डर तेथे निर्माण करते, लिनक्सचे काही डेस्कटॉप पार्टिशन आपोआप माउंट करतात. ‘केवळ वाचा’ असा आदेश देऊन ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ माउंट केले तरी, संगणक आधी अचानक बंद पडलेला असल्यास, जर्नलमधील अपुऱ्या नोंदी पूर्ण करण्यासाठी लेखन होऊ शकते. ते टाळण्यासाठी ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो. न्यायसहायक प्रयोगशाळांत म्हणूनच राइट ब्लॉकर वापरतात. डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये बसणारे हे उपकरण वाचन जाऊ देते व लेखन अडवते.

त्यानंतर संपूर्ण डिस्कची बाइटन् बाइट प्रत काढली जाते आणि मूळ व प्रत या दोन्हींचा हॅश काढला जातो. ‘एसएचए२५६सम’ या आज्ञेतून ६४ अक्षरांचे उत्तर मिळते. आतील एक बाइट बदलला तरी ते पूर्णपणे वेगळे येते. हॅश जुळला तर ताब्यात घेतलेली माहिती व तपासलेली माहिती एकच आहे, असे म्हणता येते. सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या बाबतीत मात्र आतील नियंत्रक वीज मिळताच पुसलेल्या फाइलींची जागा स्वतःच साफ करू शकतो. म्हणून तिचा हॅश शक्य तितक्या लवकर काढावा.

हॅशची मर्यादाही समजून घ्यावी. हॅश काढल्यानंतर काही बदलले नाही, एवढेच तो सांगतो. त्याच्या आधी डिस्कवर काय घडले, याविषयी तो मूक असतो.

तळोज्यातील आरोपी आणि डिस्कवरील नोंदी

एल्गार परिषद प्रकरणात ही मर्यादाच वादाच्या केंद्रस्थानी आली. आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाच्या डिस्कची प्रत बचाव पक्षाला मिळाली आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तिची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मधील तिच्या पहिल्या अहवालानुसार नेटवायर या दूरनियंत्रक घुसखोर प्रोग्रॅमद्वारे तो संगणक २२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्याच्या ताब्यात होता. महत्त्वाचे मानले गेलेले दहा दस्तऐवज एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवले गेले आणि ते त्या संगणकावर कधी उघडल्याची खूण आढळली नाही, असे या अहवालात म्हटले होते. दस्तऐवज बनवण्यासाठी वापरलेली वर्डची आवृत्ती त्या संगणकावरील आवृत्तीपेक्षा नवी असल्याचाही उल्लेख होता. सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांविषयीही संस्थेने पुढे असेच निष्कर्ष मांडले. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नव्हते. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत घुसखोर प्रोग्रॅमचा पुरावा आढळला नाही, अशी तिची भूमिका होती.

८४ वर्षांचे स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मधील अटकेनंतर तळोजा कारागृहात होते. उपचारांसाठी रुग्णालयात हलवल्यानंतर ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संगणकाविषयीचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला, तेव्हा त्यांच्या कोठडीला साडेसहा वर्षे झाली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. हा जामीन दीर्घ कारावासाच्या कारणावर होता. डिस्कवरील पुरावा खरा की बनावट, याचा निर्णय त्यात झाला नाही.

दोन्ही बाजूंनी तपासले ते एकाच डिस्कवरील बाइट. फाइल केव्हा निर्माण झाली, कोणत्या मार्गाने आली, उघडली गेली काय, या प्रश्नांची उत्तरे फाइल सिस्टिमच्या खतावणीत आणि संगणकाच्या अन्य नोंदींत शोधावी लागतात. तेथवर पोहोचण्याची पहिली पायरी म्हणजे हीच ती डिस्क, हे निःसंशय ठरवणे.

कायद्यातील रकाने

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडण्याची अट पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण पुरावा म्हणून मांडले गेले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून साक्षीने सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलेला आहे. उपकरणाचा प्रकार, उत्पादक व मॉडेल, रंग, सिरियल क्रमांक आणि हॅश यांसाठी त्यात रकाने आहेत. एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणजे ‘एलएसबीएलके’ आणि ‘एसएचए२५६सम’ यांतून मिळणारी माहिती आता थेट कायद्याच्या कागदावर उतरते.

पाहणीचा क्रम

सोसायटी, दुकान किंवा कार्यालय यांच्यावर डिस्क सोपवण्याची वेळ आली, तर पुढील क्रम पाळावा. डिस्क कोणत्याही संगणकाला जोडण्यापूर्वी तिच्या वेष्टनाचे, सिरियल क्रमांक वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे. डीव्हीआर यंत्राचे घड्याळ किती पुढे वा मागे आहे, ते खऱ्या वेळेशी ताडून लिहून ठेवावे. यंत्र चित्रण सुरू ठेवून जुन्यावर नवे लिहित असेल, तर ते वेळीच थांबवावे. डिस्क तपासायचीच असेल, तर ती राइट ब्लॉकर असलेल्या जाणकाराकडे न्यावी आणि फॉरमॅटची कोणतीही सूचना नाकारावी. मॉडेल, सिरियल क्रमांक, बाइटमधील क्षमता, विभागणीचा प्रकार, प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टिम व यूयूआयडी आणि अखेर हॅश, अशी नोंद एका कागदावर दिनांक, वेळ व स्वाक्षरीसह करावी. डिस्क हवाली करताना त्या कागदाच्या एका प्रतीवर घेणाऱ्याची पोच घ्यावी आणि ती प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी.